दुकान की पेन्शन? न्यूयॉर्कमधले कोरियन आणि वेस्ट इंडियन

   ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो, ते तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय जरा लांबचा आहे. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रिचर्ड्स, लारा, गेल. कोरिया म्हटलं की? के-ड्रामा, बीटीएस, सॅमसंग. पण या दोन्हीकडचे लोक लाखांच्या संख्येनं एकाच शहरात जाऊन राहिले, साधारण एकाच काळात, आणि दोघांचं आयुष्य अगदी वेगवेगळ्या वाटेनं गेलं. ते शहर म्हणजे न्यूयॉर्क. आणि हा विषय मी का घेतला, तर त्यावरून मी एकदा माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसून एक मूर्खपणाचं वाक्य बोललो होतो. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

तर झालं असं. कंपनीनं मला क्लायंटकडे पाठवलं होतं. चौदा महिने. ऑफिस मॅनहॅटनमध्ये, पण तिथलं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात, चर्च ॲव्हेन्यूजवळ एका घरात खोली घेतली. घर एका जमैकन बाईंचं. वय साठीच्या पुढे, हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी त्यांना आंटी म्हणायचो. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, त्यामुळे ते लगेच जमून गेलं.

आणि स्टेशनला जायच्या वाटेवर एक ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. मालक कोरियन, सत्तरीचे काका. मी सकाळी जायचो तेव्हा ते काउंटरवर, रात्री परत यायचो तेव्हाही काउंटरवर. एकदा त्यांनी विचारलं, काय काम करतोस? मी म्हटलं, इंजिनिअर. ते हसले आणि म्हणाले, "मीपण इंजिनिअर." मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच, सोलमधून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते १९८४ मध्ये आले होते. आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या शर्टांना इस्त्री.

एके दिवशी मी आंटींना म्हणालो, "ते काका बघा, भाषा येत नव्हती तरी स्वतःचं दुकान काढलं. तुमच्या लोकांना तर इंग्रजी येतं. मग तुमचे लोक दुकानं का नाही काढत?"

आंटी काही चिडल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, मला दुकान नको होतं. मला पेन्शन हवी होती."

मग उठून आत गेल्या. पुढचे दोन-तीन दिवस आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. खरं सांगतो, आधी उद्देश स्वतःला बरोबर सिद्ध करण्याचाच होता. पण निघालं भलतंच.

आधी थोडा इतिहास. बोअर नाही करणार. १९५२ चा अमेरिकेचा स्थलांतराचा एक कायदा होता. त्यात कोरियाला कोटा किती? वर्षाला १००. आणि जमैकासारख्या ब्रिटिश वसाहतींना? त्यांनाही प्रत्येकी वर्षाला १००. म्हणजे आपल्याकडे एका लग्नाच्या पंगतीत बसतात तेवढीसुद्धा माणसं नाहीत. दोघांनाही दार जवळपास बंदच.

मग १९६५ मध्ये नवा कायदा आला. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. देशानुसार ठरलेले ते जुने कोटे गेले. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर अमेरिकेत जायला लागले, तेही याच कायद्यामुळे. तर दार दोघांसाठी उघडलं, पण आत कोण शिरलं हे बघा.

कोरियात तेव्हा पार्क चुंग-ही यांची लष्करी राजवट. १९६२ मध्येच सरकारनं लोकांनी परदेशी जावं म्हणून कायदा केला होता. सत्तरच्या दशकात जे निघाले ते बरेचसे शहरी, मध्यमवर्गीय, कॉलेज शिकलेले. गरिबातले गरीब नव्हेत. पण अमेरिकेत उतरल्यावर अडचण भाषेची. पदवी आहे, पण इंटरव्ह्यूत बोलता येत नाही. तिकडची डिग्री इकडे कोणी मानत नाही. मग ऑफिसातली नोकरी कुठून मिळणार? म्हणून दुकान. भाजीचं, किराण्याचं, ड्रायक्लीनिंगचं, पुढे नेल सलून. म्हणजे ज्याला मी 'धंद्याची वृत्ती' समजत होतो, ती बऱ्याच जणांच्या बाबतीत नोकरी न मिळाल्यामुळे निवडलेली वाट होती. काकांनी ड्रायक्लीनिंगचं स्वप्न बघून इंजिनिअरिंग केलं नव्हतं!

१९९० च्या जनगणनेत स्वतःचा धंदा असलेल्यांचं प्रमाण कोरियन स्थलांतरितांमध्ये खूपच मोठं दिसतं, इतर मोठ्या गटांच्या कितीतरी पुढे. भाजीवाले पहाटे दोन-तीनला ब्रॉन्क्समधल्या हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारात जायचे. आपल्या मार्केट यार्डासारखं समजा. तिथून माल आणायचा, निवडायचा, दुकान उघडायचं आणि रात्री उशिरापर्यंत चालवायचं. नवरा, बायको, सासू, सगळे त्यात. त्या श्रमाला पगार नाही, म्हणून दुकान तगायचं.

आता वेस्ट इंडियन बघा. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, गयाना. हे लोक आधी ब्रिटनला जायचे. १९६२ मध्ये ब्रिटननं कायदा करून त्यांचा रस्ता आवळला. तीन वर्षांत अमेरिकेचं दार उघडलं. न्यूयॉर्कला तेव्हा काय हवं होतं? नर्सेस, आया, वृद्धांना सांभाळणाऱ्या बायका, हॉस्पिटलचे कर्मचारी. आणि यांना इंग्रजी येत होतं, शाळा ब्रिटिश पद्धतीची झाली होती. म्हणून बऱ्याच घरांतून आधी बाई आली. नवरा आणि मुलं नंतर.

म्हणजे आंटींसमोर पर्याय काय होते? एका बाजूला दुकान, त्यात भांडवल लागतं आणि बुडायची भीती. दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलची नोकरी, कामगार संघटना, आजारपणाचा विमा, शेवटी पेन्शन. न्यूयॉर्कमध्ये आरोग्य कामगारांची '११९९' नावानं ओळखली जाणारी मोठी युनियन आहे. तिच्या सभासदांत कॅरिबियन बायका भरपूर. तुमच्या आईला असे दोन पर्याय असते, तर तिनं काय निवडलं असतं? माझ्या आईनं तर एका मिनिटात सांगितलं असतं. 'मराठी माणूस नोकरीच बघतो' म्हणून आपण एकमेकांना टोमणे मारतो ना, तेच मी आंटींना ऐकवलं होतं.

बरं, वेस्ट इंडियन लोक धंदा करतच नाहीत, हेही खोटं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या बस-मेट्रो कामगारांचा ११ दिवस संप झाला. त्यानंतर फ्लॅटबुशमध्ये खासगी व्हॅन जोरात वाढल्या. 'डॉलर व्हॅन' म्हणतात. आपली वडाप! हात केला की थांबते, आत गाणी जोरात. मी कितीदा बसलोय. पण दुकानाच्या यादीत ही व्हॅन दिसत नाही, म्हणून मला तो धंदा वाटलाच नव्हता.

आता पैशाची गोष्ट, आणि यात मला सगळ्यात मजा आली. आंटी एकदा म्हणाल्या, "मी या आठवड्यात पार्टनर टाकलं." मला कळेचना. कसला पार्टनर? मग त्यांनी समजावलं. वीस जणी दर आठवड्याला ठरलेली रक्कम एका बाईकडे जमा करतात, तिला 'बँकर' म्हणायचं. आणि दर आठवड्याला एकीला सगळी रक्कम मिळते. मी ओरडलोच, "अहो, ही तर भिशी!" जमैकात पार्टनर, त्रिनिदादमध्ये सूसू, गयानात बॉक्स हँड. आणि कोरियात? 'क्ये'. तीच पद्धत! काकांनाही विचारलं, त्यांनी मान डोलावली.

म्हणजे दोन्ही समाज एकमेकांवर भरवसा ठेवून, बँकेशिवाय पैसा उभा करत होते. फरक एवढाच, की कोरियन भिशीचा पैसा बऱ्याचदा दुकानात गेला आणि वेस्ट इंडियन भिशीचा घराच्या पहिल्या हप्त्यात. ब्रुकलिनमध्ये बार्बाडोसहून आलेल्या बायकांनी घर घेण्यासाठी किती जीव काढला, यावर पॉल मार्शल या लेखिकेची १९५९ सालची 'ब्राउन गर्ल, ब्राउनस्टोन्स' ही कादंबरीच आहे. तर काटकसर, बचत, भरवसा, हे एका समाजाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, हा माझा मुद्दा इथेच बाद झाला.

मग हे दोघे कधी समोरासमोर आले का? आले. आणि मी जिथे राहत होतो तिथेच.

जानेवारी १९९०. चर्च ॲव्हेन्यूवरचं एक कोरियन भाजी-किराण्याचं दुकान, 'फॅमिली रेड ॲपल'. हैतीहून आलेली एक बाई खरेदीला गेली. थोड्या पैशांवरून बाचाबाची झाली. ती म्हणाली मला मारलं, दुकानवाले म्हणाले तिनं पूर्ण पैसे दिले नाहीत. बाहेर गर्दी जमली आणि बहिष्कार सुरू झाला. तो वर्षभराहून जास्त चालला. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स सप्टेंबरमध्ये स्वतः जाऊन तिथून भाजी-फळं घेऊन आले, तरी शमला नाही. पुढे कोर्टात आरोपी निर्दोष सुटला. १९९१ मध्ये मालकानं दुकान विकलं.

टीव्हीवर काय चाललं? 'काळे विरुद्ध कोरियन'. पण नीट बघा. काउंटरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून आलेली माणसं होती. एकाची भाषा कोरियन, एकीची क्रिओल, आणि भांडण तिसऱ्याच भाषेत. कोरियन दुकानं त्या वस्तीत होती कशामुळे? भाडं कमी, मोठी सुपरमार्केट्स तिथे यायला तयार नाहीत, आणि आधीचे ज्यू-इटालियन दुकानदार म्हातारे होऊन निघालेले. आणि ग्राहकांचा राग कशामुळे? आपल्या वस्तीत दुकानाचा गल्ला आपल्या हातात नाही, वर आत गेलं की चोर असल्यासारखं मागे मागे फिरतात. दोघांच्याही तक्रारीत तथ्य होतं. पण दोघांना त्या चौकात आणून उभं करणारी जी व्यवस्था होती, म्हणजे बँका, घरभाडी, सुपरमार्केट कंपन्या, ती कुठल्याच बातमीत नव्हती. दोन वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये दंगल झाली आणि दोन हजारांहून जास्त कोरियन दुकानं लुटली, जाळली गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आंटी दोन-तीन दिवसांनी स्वतःच बोलल्या. म्हणाल्या, "तुझे ते काका कष्टाळू आहेत, मला माहीत आहे. माझे कपडे मी त्यांच्याकडेच देते. पण त्यांचा मुलगा शाळेतून घरी येताना त्याला पोलिसांनी किती वेळा भिंतीला उभं करून खिसे तपासले? माझ्या मुलाला मोजता येत नाही एवढ्या वेळा."

ही काही फक्त आंटींच्या घरची गोष्ट नाही. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा लोकांना असं रस्त्यात थांबवलं. त्यातले निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. आणि दहापैकी जवळपास नऊ वेळा ना अटक, ना दंड, काहीच नाही. २०१३ मध्ये न्यायालयानं ठरवलं, की ज्या पद्धतीनं हे चाललंय ते घटनेविरुद्ध आहे.

मेरी वॉटर्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी न्यूयॉर्कमधल्या वेस्ट इंडियन कुटुंबांवर १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. आई-वडिलांच्या बोलण्यात बेटावरचा हेल असतो. त्यामुळे गोरा मालक म्हणतो, "हे बाहेरून आलेत, मेहनती आहेत." मुलं तिथेच जन्मतात, त्यांचा हेल जातो. आणि हेल गेला की तो मालक त्यांना वेगळं ओळखतच नाही, इतर काळ्या अमेरिकनांना जी वागणूक मिळते तीच यांना. म्हणजे मुलं जितकी अमेरिकन होतात, तितकी काही जणांची वाट अवघड होते. कोरियन मुलाचं बरंचसं उलट. त्याला चिडवतात, 'तू मूळचा कुठला' विचारतात, तेही दुखतंच. पण शिक्षक त्याला बघून 'हा गणितात हुशार असणार' असं धरून चालतात.

वस्तीचंही तसंच. कोरियन कुटुंबं क्वीन्समधल्या फ्लशिंगपासून पूर्वेकडे सरकत चांगल्या शाळांच्या भागात गेली. तिथे 'हागवॉन' म्हणजे कोरियन क्लासेस. आपल्याला क्लासेस सांगायला नकोत! वेस्ट इंडियन नर्सला तेवढाच पगार असला, तरी घर बहुतेक वेळा कृष्णवर्णीय वस्तीतच मिळायचं, आणि त्या वस्तीच्या शाळा तशाच. स्टाइव्हसंट नावाची तिथली सगळ्यात नावाजलेली सरकारी शाळा आहे, प्रवेश परीक्षेवर. २०१९ मध्ये तिथे ८९५ जागांचे प्रवेश दिले गेले. त्यात कृष्णवर्णीय मुलं किती? ७. 'मेरिट' एवढंच म्हणून मला हा आकडा सोडून देता येत नाही.

म्हणजे मग वेस्ट इंडियन हरले आणि कोरियन जिंकले? तेही नाही. शर्ली चिझम यांचे वडील गयानाचे, आई बार्बाडोसची. १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, तेही याच ब्रुकलिनमधून. कॉलिन पॉवेल जमैकन आई-वडिलांचे. राजकारणात, युनियनमध्ये वेस्ट इंडियन लोकांनी फार लवकर जागा मिळवली. कोरियन वंशाचे नगरसेवक न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा निवडून आले ते थेट २०२१ मध्ये.

आणि म्हातारपण? काकांना मी विचारलं, निवृत्त का होत नाही? ते म्हणाले, दुकान विकायला काढलंय, पण कोण घेणार? लोक घरून काम करतात, सूट धुवायला कोण टाकतं? अमेरिकेत सरकारी पेन्शन तुम्ही आयुष्यभर दाखवलेल्या कमाईवर ठरते. छोट्या दुकानदाराची दाखवलेली कमाई कमी, म्हणून पेन्शन कमी. मुलांना त्यांनी दुकानात पाऊल टाकू दिलं नाही, शिकवलं. मुलगी फार्मसिस्ट आहे, न्यू जर्सीत राहते. सगळं दुकान मुलांच्या फीमध्ये गेलं. इकडे आंटींना युनियनची पेन्शन, स्वतःचं घर, वर माझं भाडं!

पण आंटींनी किंमत मोजलीच. त्या आल्या तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. त्याला आजीकडे ठेवून आल्या, आणि सात वर्षं दर काही महिन्यांनी कपडे, बूट, खाऊ भरलेलं एक मोठं पिंप बोटीनं पाठवायच्या. जमैकात अशा मुलांना 'बॅरल चिल्ड्रन' म्हणजे पिंपाची मुलं असंच नाव पडलंय. आणि कोरियन लोकांत पुढच्या काळात उलटं झालं. आई मुलांना घेऊन शिक्षणासाठी अमेरिकेत, बाप कोरियात पैसे कमवत एकटा. त्याला 'गिरोगी' म्हणजे हंस बाप म्हणतात, वर्षातून एकदा उडत येणारा. कुटुंब दोघांचंही तुटलं.

मी इंजिनिअर आहे, तर माझ्या भाषेत सांगतो. दोन ग्रुपची तुलना करायची, तर युजर्स रँडम हवेत ना? इथे तसं नाहीच. कोरियातून सरासरी कोरियन आला नाही, जमैकातून सरासरी जमैकन आला नाही. जे निघू शकले ते आले. सुझान मॉडेल या समाजशास्त्रज्ञ २००८ च्या त्यांच्या पुस्तकात हेच म्हणतात, की वेस्ट इंडियन लोकांच्या यशाचं मोठं कारण त्यांची संस्कृती नाही, तर स्थलांतर करणारी माणसं मुळातच निवडक असतात हे आहे.

आणि मी? मी तरी कुठे सरासरी? वडिलांना कायमची नोकरी होती म्हणून मी क्लासला गेलो. कॅम्पसला कंपनी आली. व्हिसा कंपनीनं काढला. काका इंजिनिअर, मी इंजिनिअर. ते ज्या वर्षी उतरले त्या वर्षी त्यांची डिग्री कोणी विचारली नाही, माझी विचारली. यात माझ्या कष्टाचा वाटा आहे, पण सगळं श्रेय कष्टाला देऊन मी आंटींना उपदेश करायला बसलो होतो.

निघायच्या आधी मी आंटींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू विचारलंस तरी. बाकीचे नुसतं ठरवून टाकतात." आणि डब्यात करी-चिकन दिलं.

आता पुण्यात कोणी म्हणालं, की अमका समाज मेहनती आणि तमका आळशी, तर मी तीन प्रश्न विचारतो. त्यांच्यातलं नेमकं कोण इथे आलं? आलं तेव्हा कुठलं काम त्यांना मिळू शकत होतं? आणि त्यांचा चेहरा बघून, बोलणं ऐकून समोरचा आधीच काय समजून बसतो? बरेचदा पहिल्याच प्रश्नाला समोरचा गप्प होतो. कधी कधी मीच गप्प होतो, कारण उत्तर मलाही शोधावं लागतं.

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी भिशी कोण चालवतं आणि त्या पैशातून काय उभं राहिलं, हे मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवीन. काळजी घ्या, भेटूच!